नागपूरहून बर्फात: पाच वर्षांच्या आतली लेकरं घेऊन मनालीला जाताना

नागपूरच्या लेकरांना थंडी नवी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पण आपली थंडी कोरडी, दुपारी ऊन चढलं की स्वेटर निघतोच. बर्फात खेळणारं मूल मात्र ओलं होतं, आणि ओलं मूल बघता बघता गारठतं. म्हणून बॅग भरताना किती लोकर घेतली यापेक्षा पाणी आत कुठून शिरेल, हे आधी बघा.

नाताळच्या सुट्टीत मनाली गावात बर्फ मिळेलच असं नाही. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ जास्त भरवशाचा. मूल अजून शाळेत जात नसेल तर सुट्टीची वाट कशाला बघायची? रोहतांगची खिंड हिवाळ्यात बंद असते, त्यामुळे बर्फ बघायचा तो मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात किंवा अटल बोगद्यापलीकडे सिस्सू गावात. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर, मनाली सुमारे २,०५० आणि सिस्सू ३,००० च्या वर. पहिल्याच दिवशी सिस्सू गाठू नका, उंचीची सवय व्हायला मनालीत दोन रात्री काढा. वर गेल्यावर मूल विनाकारण किरकिर करू लागलं, खाईना, उलटी झाली, तर तो उंचीचा त्रास समजा आणि औषध देऊन थांबण्यापेक्षा गाडी खाली वळवा.

कपडे अंगाकडून बाहेरच्या बाजूला लावत चला. घरात रोज घालतो ती सुती बंडी इथे नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि अंगालाच गार चिकटतं. त्याऐवजी पॉलिएस्टरचं किंवा मऊ लोकरीचं थर्मल घ्या, अंगाबरोबर बसणारं. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून एक माप मोठं घेतलं की आत वारा खेळतो. त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा स्वेटर) किंवा लोकरी स्वेटर. आजीने विणलेला स्वेटर या मधल्या थरात उत्तम. तो सगळ्यात वर घातला तर बर्फाचे कण लोकरीत अडकतात, वितळतात आणि तासाभरात तो स्वेटर जड पोतेरं होतो. सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि खांद्यावर पट्टे असलेली तशीच पँट. अख्खा एकसंध सूट दिसायला गोंडस असतो, पण ‘शू आली’ म्हटल्यावर तो उतरवेपर्यंत उशीर झालेला असतो.

हिवाळ्यात नागपुरात तिबेटी विक्रेत्यांचा स्वेटर बाजार लागतो. तिथे कानटोपी, लोकरी मोजे, फ्लीस स्वस्तात मिळून जातं. जॅकेट मात्र कुठूनही घ्या, घरी तपासूनच न्या: बाही ताटात पसरा, अर्धी वाटी पाणी ओता, पाच मिनिटं थांबा. थेंब ओघळून गेले आणि आतलं अस्तर कोरडं राहिलं तर ठीक. कापड गडद पडलं किंवा शिवणीतून ओल आत आली तर ते जॅकेट नागपुरातच वापरा.

सगळ्यात जास्त फजिती हातमोज्यांची होते. लोकरी हातमोज्यांनी बर्फाचा एक गोळा केला की संपलं. चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असे, बाहेरून पाणी न शिरणारे मोजे घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात आणि रडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला ते घालणंही सोपं जातं. प्रत्येक मुलामागे तीन जोड हवेत: एक हातात, एक वाळत, एक हरवलेला! मोज्याचं तोंड जॅकेटच्या बाहीच्या आत जायला हवं, नाहीतर मनगटापाशी बर्फ साचतो.

सोलंगच्या वाटेवर गमबूट आणि कोट भाड्याने मिळतात. मोठ्यांचं त्यावर भागतं, पण चिमुकल्या पायांची मापं अनेकदा नसतात. बुटात हात घालून थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत चाचपा. आधीच्या गिऱ्हाइकाची ओल तिथेच राहिलेली असते. मोज्यांचे दोन जोड चढवून बूट घट्ट करू नका, पाय दाबला की रक्त कमी फिरतं आणि तो जास्तच गार पडतो. एकच जाड लोकरी जोड आणि पुढे बोटभर जागा. मफलर घसरगाडीत अडकू शकतो, त्यामुळे गळ्याला डोक्यातून घालायची गळपट्टीच बरी.

तयार होताना आधी मोठ्यांनी कपडे चढवावेत, मग मुलाचे. उलट केलं तर हीटर लावलेल्या खोलीत मूल घामाघूम होतं आणि बाहेर पडताच तोच घाम गार पडतो. मुलाचा क्रम असा: शू किंवा डायपर, थर्मल, मोजे, फ्लीस, पँट, बूट, जॅकेट, टोपी आणि अगदी शेवटी हातमोजे. गाडीत बसताना जाड जॅकेट काढा. त्याच्यावरून बांधलेला पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की ढिला पडतो.

बाहेर गेल्यावर हात लावून बघायचा तो मानेमागे. ऊबदार आणि कोरडी असेल तर छान, घाम असेल तर मधला थर काढा, गार असेल तर तडक आत. दोन वर्षांच्या आतल्यांना एका वेळी १५-२० मिनिटं पुरे, तीन-चार वर्षांच्यांना अर्धा तास, मग गरम खोलीत काहीतरी खाणं. कडेवर किंवा झोळीत असलेल्या बाळाकडे जास्त लक्ष हवं. उचलणारा चालून तापलेला असतो, बाळ हलत नसतं आणि त्याचे पाय लोंबकळून गार पडतात. ताजा बर्फ उन्हातली बरीचशी अतिनील किरणं परत फेकतो, तेव्हा गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सावलीत ठेवा. खोबरेल तेल बाटलीतच गोठतं, ओठ-गालांना पेट्रोलियम जेली न्या.

नाकाचा शेंडा, कान किंवा बोटं पांढुरकी, बधिर झाली तर चोळू नका, शेकोटीजवळही नेऊ नका. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. काखेत किंवा तळहातात धरून ऊब द्या. रंग परतला नाही, किंवा मूल सुस्तावलं, बरळू लागलं, तर ओले कपडे काढून पोटाशी धरा आणि दवाखाना गाठा.

खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅस हीटर लावून झोपणं जिवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विजेचा हीटरही अंथरुणापासून किमान मीटरभर लांब. बाळाला टोपी घालून किंवा सुट्या दुलईत झोपवू नका. ओवा-कापराची पुरचुंडी, ब्रँडीचा थेंब असले उपाय घरीच विसरा. कापूर पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात. एक वर्षाच्या आत मधही नको.

ताप उतरवायचं पॅरासिटामॉल नागपूरहूनच न्या. ५ मिलीमध्ये १२० आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरपं मिळतात, आणि तिथल्या दुकानात दुसरंच हाती आलं की मात्रा दुप्पट किंवा निम्मी होऊ शकते. डॉक्टरांकडून मुलाच्या वजनानुसार मिली लिहून घ्या. दम्याचा पंप आतल्या खिशात ठेवा, गारठला की नीट फवारत नाही.

ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपण्याआधी एकदा बदला. हीटरवर वाळवलेल्या बुटांचा तळवा सुटतो. परतीच्या गाडीआधी दिल्लीत एक दिवस मोकळा ठेवा, कारण डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासनतास रखडतात. दुधाची पावडर, डायपर आणि कोरडे कपडे हातातल्या पिशवीतच असू द्या.