कोड बरोबर, तरी लॉगिन होईना

काकांचा सोलापुरात टॉवेलचा कारखाना आहे. बाहेरगावच्या ऑर्डरी सगळ्या जीमेलवर येतात, म्हणून त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर एक कोडही मागणारी सोय, लावून दिली. कोडसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनमध्येच कोड तयार करणारं ॲप, घेतलं. कारण कुणी आपल्या नावावर डुप्लिकेट सिम काढलं, की एसएमएसचा ओटीपी थेट त्याच्या हातात जातो.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "अरे, आकडे बरोबर टाकतोय की, तरी चुकीचा कोड म्हणतंय!"

या ॲपला नेटही लागत नाही, रेंजही नाही. ॲप खात्याला जोडताना क्यूआर स्कॅन करतो, तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये बसते. ती किल्ली आणि फोनमधली वेळ यांवरून दर 30 सेकंदांनी नवा 6 आकडी कोड तयार होतो. सर्व्हरही तेच गणित करतो. म्हणजे घड्याळं जुळली नाहीत, तर कोड जुळणारच नाही. काकांच्या मोबाइलमधली वेळ हाताने लावलेली होती, कारखान्यातल्या घड्याळाप्रमाणे. पाळीचे कामगार वेळेत यावेत म्हणून ते चार-पाच मिनिटं पुढेच असतं! सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक' केली, पुढचा कोड लगेच चालला.

मग गूगलचे 10 बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवायला दिले. फोन हरवला तर तेच कामाला येतात, प्रत्येक एकदाच चालतो. काकूंना मात्र बजावून सांगितलं, त्या क्यूआरचा फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका. तो ज्याच्याकडे, त्याच्या फोनवरही हेच कोड येतील.