गडावरचे ‘फक्त गरम पाणी घाला’ जेवण : या चुका टाळा

साल्हेर, हरिहर किंवा कळसूबाईच्या मुक्कामी मोहिमेसाठी नाशिकहून निघणारे अनेक जण आता तयार पाकिटांऐवजी घरी वाळवलेले जेवण सोबत नेऊ लागले आहेत, आणि ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्यातील बहुतेक फजिती गडावर नव्हे, तर चार दिवस आधी घरच्या ओट्यावरच ठरलेली असते. गरम पाणी हे जेवण शिजवत नाही, ते फक्त पुन्हा भिजवते. म्हणून जे काही शिजायचे आहे ते वाळवण्यापूर्वीच पूर्ण शिजलेले असले पाहिजे.

कच्ची मूगडाळ, कच्चे तांदूळ किंवा कुळीथपीठ मसाल्यासह पिशवीत भरून वर उकळते पाणी ओतले की काम झाले, ही सर्वांत मोठी चूक होय. कळसूबाईच्या माथ्यावर, म्हणजे 1646 मीटर उंचीवर, पाणी साधारण 95 अंश सेल्सिअसलाच उकळते आणि भांड्यात ओतताच आणखी निवते, त्यामुळे डाळ कचकचीत राहते आणि रात्रभर पोट दुखते. डाळ-तांदूळ कुकरमध्ये मऊ शिजवून मगच वाळवावेत. भाजून दळलेले डाळ्याचे पीठ, मेतकूट आणि पातळ पोहे यांना मात्र ही अडचण नाही.

भाताची निवडही महत्त्वाची आहे. इगतपुरी-घोटी भागातील इंद्रायणी ताटात कितीही गोड लागला, तरी तो चिकट असल्याने गोळे होऊन वाळतो. बाहेरून कडक दिसणाऱ्या त्या गोळ्याच्या पोटात ओल राहते आणि तिथेच बुरशी धरते. कोलमसारखा मोकळा शिजणारा तांदूळ घ्यावा, ताटावर शितांचा एकच थर पसरावा आणि अधूनमधून बोटांनी मोकळा करावा. एप्रिल-मे महिन्यांतील नाशिकचे कोरडे ऊन या कामाला उत्तम, पण पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर राहू नये, कारण शिजलेला भात दमट हवेत तासन्तास कोमट राहिला तर त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात आणि त्यांचे विष नंतरच्या उकळीनेही जात नाही. अशा वेळी ओव्हन किंवा अन्न वाळवण्याचे यंत्रच वापरावे.

भात वाळला की नाही हे ओळखणे सोपे आहे. शीत दातांखाली कट्‌कन तुटले पाहिजे, आणि ताट हलवल्यावर दाण्यांचा खडखडाट झाला पाहिजे. त्यानंतर भात काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवावा. सकाळी काचेच्या आतल्या बाजूला धूसर दमट थर दिसला, तर तो पुन्हा वाळवावा.

पाण्याचे प्रमाण अंदाजाने घेणाऱ्यांचे जेवण कधी पेज होते, तर कधी कोरडे राहते. वाळवण्यापूर्वी आणि नंतर वजन करून ठेवावे: 300 ग्रॅम भात वाळून 100 ग्रॅम झाला, तर 200 ग्रॅम पाणी उडाले आहे आणि निदान तेवढे परत द्यावेच लागेल. हा आकडा पिशवीवर लिहून ठेवावा.

फोडणीचे तेल, तळलेला कांदा, खोबरे आणि दाण्याचे कूट वाळवणात मिसळू नयेत, कारण त्यांना लवकर खवट वास येतो. तूप छोट्या बाटलीत वेगळे न्यावे आणि कांदा वाळवलेलाच घ्यावा.

गडावरील टाक्याचे पाणी गाळून, खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे. ते पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ओतू नये. घट्ट झाकणाचा डबा घ्यावा आणि तो टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवावा. साल्हेरच्या माथ्यावरील वाऱ्यात उघडा डबा पाहता पाहता थंड होतो. झाकण काढल्यावर शिताच्या मध्यभागी पांढरा कडक ठिपका दिसला, तर दोन चमचे उकळते पाणी घालून पुन्हा पाच मिनिटे झाकावे. खिचडी पातळ झाली असेल, तर मूठभर पातळ पोहे चुरून घालावेत.