जुनी पळणारी गाडी रोजच्यासाठी घेताय? आधी रबर बघा

पिथमपूरला माझं काम रबराच्या सुट्या भागांची तपासणी करण्याचं. होज पाइप, सील, बुश, बूट, म्हणजे प्रत्येक गाडीत असतं पण घेताना कुणी बघत नाही ते सगळं. इंदूरहून राऊमार्गे रोज जाते-येते ती २००२ सालच्या होंडा सिटी व्हीटेकनं. त्यामुळे "ताई, मलाही अशीच एखादी घ्यायचीय, काय काय बघू?" असं विचारणारे खूप भेटतात. नुकतंच भाच्यानं विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

अशी एखादी म्हणजे कोणती, ते आधी सांगते. ज्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे ह्या अमेरिकी गाडीवर इंग्लंडमध्ये खास बॉडी बांधून घेतली, त्या गावाला गाडीचा शौक नवा नाही. पण दोन सीटांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार रोज कामावर न्यायची तर सुट्या भागांवाचून ती महिन्यातले अर्धे दिवस उभी राहील. शिवाय पन्नास वर्षांपुढची गाडी २०२१च्या नियमांखाली 'व्हिंटेज' म्हणून नोंदवली, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळवला, की ती प्रदर्शन, रॅली अशा निमित्तांनीच रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराची मुभाच नाही. म्हणून आपल्यासाठी खरी यादी १९९८ ते २००५च्या आसपासची. सिटी १.५ व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची. फियाट पॅलिओ १.६, १०० अश्वशक्तीची. फोर्ड आयकॉन १.६, मारुतीची जुनी बलेनो सेडान, मित्सुबिशी लान्सर. सिटी तर जेमतेम टनभर वजनाची. व्हीटेक म्हणजे इंजिन जोरात फिरू लागलं की व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा. पाच हजार आरपीएमच्या आसपास ती लागली की इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडी नव्यानं जोर धरते. हे सुख आजच्या त्याच किमतीच्या गाडीत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ह्यातून रोजच्यासाठी निवडायची तर मी सिटी किंवा बलेनो म्हणेन. पॅलिओ १.६चं स्टीअरिंग आणि रस्त्यावरची पकड मला सगळ्यांत आवडते, पण फियाट आणि फोर्ड दोघांनीही भारतात गाड्या विकणं थांबवलंय. भाग मिळतात, नाही असं नाही. दिल्लीच्या काश्मिरी गेटला विचारावं लागतं, कुर्ल्याच्या जुन्या मालात शोधावं लागतं. घरात दुसरी गाडी असेल तरच पॅलिओ घ्या.

आता गाडी बघायला जाऊ. विकणारा पहिलं वाक्य काय बोलणार ते ठरलेलं आहे: "मॅडम, इंजन तो मक्खन है." असेलही. इंजिन हा जुन्या गाडीतला सगळ्यांत सहज दुरुस्त होणारा भाग. चांगला मेकॅनिक ते उतरवतो, बांधतो, परत बसवतो. गाडी खरी म्हातारी होते ती रबरात आणि पत्र्यात. आणि रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. "बीस साल में सिर्फ साठ हजार चली है" हे ऐकून लोक खूश होतात, मी सावध होते. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीचं रबर ऊन, हवेतला ओझोन आणि वय ह्यांनी तसंच कडक होत जातं. उलट रोज चालणाऱ्या गाडीत निदान कुणीतरी ते वेळोवेळी बदललेलं असतं.

बॉनेट उघडा, इंजिन थंड असताना. रेडिएटरचा वरचा जाड होज पाइप दोन बोटांत धरून दाबा, मधे नाही, क्लिपच्या जवळ. पाइप आतून सडतो तो बहुधा टोकांपाशी, बाहेरून काळा तुकतुकीत दिसत असताना. चांगला पाइप दाबला की प्रतिकार करतो आणि सोडला की लगेच मूळ आकारात येतो. कडक लागला, दाबताना आतून कचकच जाणवली, तर तो गेला. मऊ, फुगलेला, चिकट लागला तर गोष्ट जास्त महत्त्वाची. कूलंटचे पाइप साधारणतः ईपीडीएम रबराचे असतात. ते पाणी आणि उष्णता उत्तम सोसतं, पण इंजिन ऑइल लागलं की फुगतं. म्हणजे मऊ पाइप सांगतोय की वर कुठूनतरी ऑइल गळतंय. मान वर करून शोधा: व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट, डिस्ट्रिब्युटरची रिंग, सिटीत व्हीटेक सोलेनॉइडची गॅस्केट. सगळे स्वस्त भाग आहेत, पण गळती किती दिवस दुर्लक्षित आहे ह्यावरून मालक कळतो.

मग पेट्रोलचे पाइप. हे आजच्या घडीला सगळ्यांत निकडीचं आहे, कारण आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्या काळच्या गाड्यांतलं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. नायट्राइल रबराच्या जुन्या पाइपात इथेनॉल शिरलं की आधी तो फुगतो, त्यातला मऊपणा आणणारा घटक धुऊन निघतो, आणि गाडी उभी राहून पाइप सुकला की त्याला चिरा पडतात. गरम इंजिनाशेजारी पेट्रोलची धार म्हणजे थेट आग. पाइप वाकवून बघा. बाकच्या बाहेरच्या अंगाला केसासारख्या रेघा दिसल्या तर चालवत घरी नेऊ नका, पाइप बदलूनच न्या. नवा घेताना त्यावर 'एसएई जे३० आर९' असा छाप असलेला मागा. इंजेक्शनच्या दाबाचा असतो तो, आणि त्याचं आतलं अस्तर फ्लोरोइलॅस्टोमरचं, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं असतं. दुकानदार साधा पाइप पुढे करेल, "सब चलता है" म्हणेल. ऐकू नका.

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात हलवणारा रबरी पट्टा. त्याबद्दल एकच नियम: बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं धरा. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात आणि मग मक्खन इंजिनाचं भंगार होतं. बेल्टबरोबर वॉटर पंप आणि पुढचं ऑइल सील एकाच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते.

खालून बघायला गाडी रॅम्पवर चढवाच. जो नाही म्हणतो त्याची गाडी सोडून द्या. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांवर घड्यांची रबरी टोपणं असतात, ते सीव्ही बूट. दोन्हींच्या घड्या हातानं उघडून बघा. चीर असेल तर आसपास ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसतील. चाक धरून ठेवणाऱ्या कंट्रोल आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशात धातू आणि रबर ह्यांच्यामध्ये फट दिसते का? इंजिन माउंटिंगसाठी, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं त्या रबरी ठोकळ्यांसाठी, कुणालातरी ब्रेक दाबून गाडी पहिल्या गिअरमध्ये हलकी उचलायला सांगा, तुम्ही बाजूनं बॉनेटखाली बघा. इंजिन उडी मारल्यासारखं हललं तर माउंटिंग गेलेली आहेत. टायरवर कडेला चार आकडे असतात, '२३१९' म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी सहा वर्षांपुढच्या टायरवर मी वेगात जात नाही. स्टेपनीचेही आकडे वाचा, बऱ्याचदा ती गाडीइतकीच जुनी असते.

पत्र्याबद्दल थोडं. ह्या सिट्या सडतात त्या मागच्या चाकांच्या कमानींत आणि दाराखालच्या पट्टीत. स्टेपनीच्या खड्ड्यातलं कार्पेट उचला. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक कमानीवरून फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलीय. इंदूरची कोरडी हवा पत्र्याला मानवते, म्हणून एमपी ०९चीच, इथेच वाढलेली गाडी मला मुंबईच्या चकचकीत गाडीपेक्षा दहापट बरी वाटते. मुंबईच्या सिटीला समुद्राची हवा आणि कदाचित जुलै २००५चं पुराचं पाणीही लागलेलं असतं. वडोदऱ्याहून आलेली गाडी असेल तर ऑगस्ट २०२४ला विश्वामित्रीच्या पुरात ती कुठे उभी होती ते विचारा. उत्तरावर विसंबू नका, चारही सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून काढा. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची आडवी रेघ राहते, ती कुणी धूत नाही. बेल्टची विणही तेव्हाच बघून घ्या, कारण त्या काळच्या बहुतेक गाड्यांत एअरबॅग नाहीत, तुमच्या जिवाला आधार तेवढाच.

टेस्ट ड्राइव्ह कॉलनीतल्या एका चकरेत होत नाही. विकणाऱ्याला आधीच बजावा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर हात लावून थंड असल्याची खात्री करा. चावी 'ऑन' करा आणि थांबा, दोनेक सेकंद मागून पेट्रोल पंपाची गुणगुण आली पाहिजे. मग स्टार्ट. पहिल्या क्षणी सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि लगेच नाहीसा झाला तर व्हॉल्व्ह सील कडक झालीत. तेही रबरच.

तिथून दुपारी राजवाड्याच्या गर्दीत एसी लावून घुसा. तापमानाचा काटा मधे स्थिर राहायला हवा, आणि पंखा आपोआप लागून बंद व्हायला हवा. मग गाडी उन्हात काचा बंद करून अर्धा तास उभी करा आणि पुन्हा सुरू करा. नव्वदीतल्या होंडांत मेन रिले नावाचा एक लहान डबा डॅशबोर्डखाली असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं त्याच्या आतल्या झाळणीला चिरा जातात, आणि गाडी थंडीत एका फटक्यात सुरू होते, मे महिन्यात मात्र स्टार्टर फिरत राहतो. पंपाची गुणगुण तेव्हा ऐकू येत नसेल तर बहुधा हेच. दोष छोटा, भाव पाडायला उपयोगी.

शेवटी खंडवा रोडनं सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरा. मागून दुसऱ्या गाडीत ओळखीचं माणूस ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे. तिसऱ्या गिअरवर, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढून बराच वेळ उतरा आणि सपाटीवर येताच जोरात दाबा. मागच्या माणसाला त्या क्षणी निळ्या धुराचा एक लोट दिसून थांबला तर पुन्हा व्हॉल्व्ह सीलच. चढताना, जोर लावलेला असेपर्यंत धूर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, आणि ती वेगळ्या किमतीची गाडी झाली. उतारावर ब्रेक दाबताना स्टीअरिंग थरथरतं का, ॲक्सिलरेटर सोडताना गिअर आपोआप निघतो का, हेही तिथेच कळतं. परत आल्यावर मेकॅनिककडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. चार आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं, त्यातला एक दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर कारण कळेपर्यंत पैसे देऊ नका.

कागद. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यापुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण. २००२ची गाडी म्हणजे २०१७, २०२२ आणि पुढचं २०२७. मुदत संपत आलेली असेल तर तो खर्च आणि हेलपाटे तुमच्या माथी येणार, ते किमतीत धरा. वीस वर्षांपुढच्या कारचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५पासून दहा हजार झालंय, जीएसटी वेगळा. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेची सही-शिक्क्याची फॉर्म ३५ हवी. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स. इंजिन आणि चासी नंबर आरसीवरच्या आकड्यांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. विम्यासाठी, पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. फोटो आणि बिलं दाखवून नुसत्या थर्ड पार्टीपेक्षा पूर्ण विमा मागून बघा. गाडी नावावर घेतल्यावर विमा बदलून घेण्याचा अर्ज चौदा दिवसांत द्यायचा असतो.

किमतीचा निदान तिसरा हिस्सा बाजूला ठेवून मगच सौदा करा. पहिल्या महिन्यात तो अलॉय किंवा म्युझिक सिस्टिमवर घालवू नका. क्रम असा ठेवा: पेट्रोलचे पाइप, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, कूलंटचे सगळे होज थर्मोस्टॅटसकट, ब्रेकचे रबरी पाइप आणि ब्रेक ऑइल, टायर, मग बुश आणि माउंटिंग. बुश शेवटी, पण ते नवे बसल्यावर गाडी वळणावर जी बदलते ती बघून तुम्ही मला फोन कराल. पॉलियुरेथेनचे बुश कुणी सुचवले तर रोजच्या गाडीला नको म्हणा, आपल्या रस्त्यांवर सगळे हादरे थेट पाठीत येतात.

पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत ते तळाशी जमतं. बॉनेटखालचं ऑइल दर रविवारी बघा, व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालतं आणि पातळी खाली गेली की लागत नाही. आणि सिटी घेतलीत तर ग्लोव्ह बॉक्समध्ये एक चालू मेन रिले आणि दहा नंबरचा पाना कायम राहू द्या.