अडकलेली आंतरराष्ट्रीय वायर ट्रान्सफर कशी सोडवली

परदेशातून मला पाठवलेली रक्कम पाठवणाऱ्याच्या खात्यातून वजा झाली होती, परंतु माझ्या खात्यात जमा होत नव्हती. त्याची बँक व्यवहार पूर्ण झाल्याचे सांगत होती आणि माझी बँक काहीच आले नसल्याचे. अशा वेळी नुसती पावती उपयोगी पडत नाही. मी पाठवणाऱ्याला त्याच्या बँकेकडून स्विफ्ट या बँकांमधील संदेशांच्या जाळ्यावरून गेलेल्या संदेशाची प्रत, म्हणजे जुन्या पद्धतीतील एमटी १०३ किंवा नव्या आयएसओ २००२२ पद्धतीतील पॅक्स ००८, मागवण्यास सांगितले. त्यात यूईटीआर हा ३६ चिन्हांचा क्रमांक असतो आणि वाटेतल्या सर्व बँकांमध्ये तो तोच राहतो, त्यामुळे त्यावरून शोध घेता येतो.

रक्कम मध्यस्थ बँकेत थांबली होती, कारण संदेशात माझा पत्ता अपुरा होता. स्विफ्ट केवळ संदेश पोहोचवते. ज्या बँकांची एकमेकींकडे खाती नसतात, त्यांचा हिशेब मध्यस्थ बँक मिटवते आणि निर्बंधांच्या यादीशी नावे पडताळताना शंका आल्यास व्यवहार रोखून धरते. मध्यस्थ बँक ग्राहकाला थेट उत्तर देत नाही, म्हणून दुरुस्तीचा संदेश पाठवणाऱ्याच्या बँकेमार्फतच गेला आणि रक्कम सुटली.

ती थोडी कमी आली, याचे मात्र आश्चर्य वाटले नाही. शुल्काचा पर्याय ‘एसएचए’, म्हणजे शुल्क दोघांत वाटून घेण्याचा, असल्यास मध्यस्थ बँक आपले शुल्क रकमेतूनच कापते. पूर्ण रक्कम हवी असेल, तर पाठवणाऱ्याने ‘ओयूआर’ निवडून सर्व शुल्क स्वतः भरावे लागते.