घरी फिल्म प्रॉप थ्रीडी प्रिंट करायचाय? मग आधी मॉडेलवर काम करा

नेटवर हेल्मेटची फाइल मिळाली, स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला सूचना देणारं सॉफ्टवेअर) टाकली, प्रिंट दाबलं आणि झालं, असं प्रॉपच्या, म्हणजे सिनेमात वापरतात तशा वस्तूंच्या, बाबतीत क्वचितच होतं. बऱ्याच फाइली गेममधून काढलेल्या असतात नाहीतर कुणीतरी नुसत्या रेंडरसाठी केलेल्या असतात, म्हणजे त्या स्क्रीनवर दिसायला बनवल्यात, हातात धरायला नाही. पुढे सँडिंग आणि पुट्टीत जो जीव जातो ना, त्यातला बराचसा त्रास मॉडेलमध्येच वाचवता येतो, म्हणून हे सगळं लिहितोय.

सगळ्यात आधी ठरवा की प्रॉप कशासाठी हवाय. फिल्मवाले एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या प्रती करतात, क्लोजअपसाठी हीरो प्रॉप आणि मारामारी, पडझड वगैरेसाठी रबराचा किंवा फोमचा स्टंट प्रॉप. तुमचा प्रॉप आपटला जाणार असेल तर प्रिंट फक्त मास्टर, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, म्हणून वापरा आणि त्यावरून सिलिकॉनचा साचा काढा, मग आतली पोकळी, वायरिंग, मजबुती याचा विचारच नको, बाहेरचा पृष्ठभाग चांगला असला की पुरे.

आता साइझ. थ्रीडी मॉडेल बहुतेक एसटीएल फाइलमध्ये मिळतात, त्यात युनिट नसतं, नुसते आकडे असतात, आणि स्लायसर ते एमएम धरून चालतो. मीटरमध्ये केलेलं मॉडेल म्हणूनच कणाएवढं उघडतं, तर इंचातलं २५.४ पट छोटं येतं. थ्रीएमएफ फॉरमॅटमध्ये युनिट सेव्ह होतं, त्यामुळे जमेल तिथे तोच वापरा. मूळ प्रॉपची मापं कुठेच मिळत नसतील तर फ्रेममध्ये माप माहीत असलेली एखादी वस्तू शोधा, किंवा सरळ हातावरून चला, प्रॉपची मूठ ३०-३५ एमएम जाड असली की पकड बरी बसते.

हेल्मेटला मात्र अंदाज चालत नाही. डोक्याचा नुसता घेर मोजून उपयोग नाही, कानापासून कानापर्यंतची रुंदी आणि कपाळापासून मागपर्यंतची लांबी वेगवेगळी मोजा, त्या मापाचा अंडाकृती गोळा ब्लेंडरमध्ये (फुकट मिळणारं थ्रीडी मॉडेलिंग सॉफ्टवेअर) करा आणि हेल्मेटच्या आत ठेवून बघा. फोमच्या पॅडिंगसाठी प्रत्येक बाजूला १०-१५ एमएम सोडा. आणि हो, खालच्या तोंडातून डोकं आत जातंय का तेही बघा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये मानेकडचा भाग इतका अरुंद असतो की हेल्मेट मागून दोन भागात उघडावंच लागतं. कुणी ते चुंबकाने करतात, छान होतं, पण चुंबकाची भोकं स्केल फायनल झाल्यावरच पाडा. तुकडे जोडणाऱ्या जॉइंटचंही तेच, आधी स्केल आणि नंतर कटिंग, हा क्रम उलटा केला की पिना आणि त्यांची भोकं दोन्हींमधली फट बदलते. भिंतींचंही तसंच होतं, २ एमएमची भिंत ६० टक्क्यांवर आणली की १.२ एमएम उरते, मग सँडपेपर मारताना आरपार जाणार हे नक्की.

मग मेश (मॉडेलचा पृष्ठभाग बनवणारी जाळी) दुरुस्ती, कंटाळवाणी पण टाळता न येणारी. गेमच्या मॉडेलमध्ये केप, पट्टे, पंख हे जाडी नसलेले कागद असतात, त्यांना ब्लेंडरमधला सॉलिडिफाय मॉडिफायर लावून जाडी द्या, पण त्याआधी स्केल अप्लाय करा नाहीतर टाकलेली जाडी वेगळीच येते. फेस ओरिएंटेशन चालू केलं की उलटे फेस (मेशचे छोटे पृष्ठभाग) लाल दिसतात, ते निवडून फिरवा. ब्लेंडरचा थ्रीडी प्रिंट टूलबॉक्स हा अ‍ॅड-ऑन उघड्या कडा आणि नॉन-मॅनिफोल्ड जागा (जिथे मेश बंद, सलग घन आकार बनत नाही) दाखवतो. एकमेकांत घुसलेले तुकडे बूलियनने (आकार जोडणारं किंवा कापणारं टूल) जोडा, बूलियन रुसलं तर वोक्सेल रिमेश (छोट्या ठोकळ्यांवरून मेश नव्याने बनवणं) मारा, फक्त वोक्सेल बारीक ठेवा नाहीतर धारदार कडा गोल होतात आणि तलवार साबणासारखी दिसायला लागते.

आणखी एक गोची म्हणजे डिटेल. गेममधले खवले, स्क्रू, ओरखडे बऱ्याचदा टेक्स्चर किंवा नॉर्मल मॅपमध्ये (पृष्ठभागावर चिकटवलेली, खोलीचा नुसता भास देणारी चित्रं) असतात, मेशमध्ये नसतातच, ते प्रिंटमध्ये कुठून येणार? ते खरोखर मॉडेल करावे लागतात, आणि थोडे अतिशयोक्त करावे लागतात. फिलर प्राइमरचे (बारीक खाचा भरणारा जाड प्राइमर) दोन-तीन हात बसले की ०.३ एमएमची रेघ गायबच होते, पॅनल लाइन १ एमएम रुंद आणि तेवढीच खोल ठेवा, जरा ढोबळ वाटेल पण रंग दिल्यावर बरोबर दिसते. गोल भागांचे सेगमेंटही (गोल ज्या सरळ तुकड्यांनी बनतो ते) वाढवा. ३२ सेगमेंटच्या १०० एमएम व्यासाच्या वर्तुळाची प्रत्येक बाजू जवळपास १० एमएमची सरळ रेघ असते, त्या कडा घासून गोल करण्यापेक्षा १२८ सेगमेंट टाकणं केव्हाही सोपं.

कटिंग हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि लोक नेमके इथेच घाई करतात. प्रिंटरच्या बेडवर (ज्या पाटावर प्रिंट होतं तिथे) मावत नाही म्हणून मधोमध सरळ उभा काप देऊन टाकतात आणि मग तो जोड गालाच्या मधून जातो, कितीही पुट्टी भरा, प्रकाश तिरका पडला की दिसणारच. त्यापेक्षा प्रॉपवर आधीच असलेल्या रेघा शोधा, पॅनलची कड, पट्ट्याची खालची बाजू, मुठीची रिंग, आणि तिथून कापा. जोड मग डिझाइनचाच भाग वाटतो. वेगळ्या रंगाचे भाग वेगळेच प्रिंट केले तर मास्किंग टेपची कटकटही जाते. सरळ काप पुरत असेल तर प्रुसास्लायसर, बांबू स्टुडिओ, ऑर्का या स्लायसरच्या कट टूलमध्ये पिनांसकट होतो, वाकडा काप हवा असेल तर ब्लेंडरमध्ये बूलियन.

पिनला प्रत्येक बाजूने ०.१५ ते ०.२ एमएम फट द्या, म्हणजे ६ एमएमच्या पिनला साधारण ६.३-६.४ चं भोक. प्रत्येक प्रिंटर वेगळा, त्यामुळे फक्त जोडाचा छोटा तुकडा कापून आधी तोच प्रिंट करा, पंधरा तासांच्या प्रिंटनंतर पिन बसत नाही हे कळण्यात काही मजा नाही. पहिला लेयर बेडवर थोडा पसरतो, म्हणून जोडाच्या खालच्या कडेला अर्धा एमएम तिरपी कड द्या.

तलवार, काठी, लांब मूठ असेल तर मॉडेलमध्येच मधून दांडीचं भोक ठेवा. फिलामेंटचा (प्लास्टिकच्या तारेचा) प्रिंट लेयरच्या रेषेत तुटतो, उभी प्रिंट केलेली तलवार एका झटक्यात जाते. ८ एमएमच्या अ‍ॅल्युमिनियम दांडीला ८.४ चं भोक पुरतं. भोक आडवं प्रिंट होणार असेल तर वरची बाजू लोंबते, तिथे गोल न ठेवता वर टोक असलेला थेंबाचा आकार द्या. एलईडी लावायचे असतील तर वायरची वाट आणि बॅटरी बदलायचं झाकण हे पण आत्ताच, नंतर ड्रिलने तोडफोड करू नका.

रेझिन प्रिंटर (द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करणारा) वापरणाऱ्यांसाठी एवढंच, मॉडेल पोकळ केलंत तर २-३ एमएम भिंत ठेवा आणि रेझिन बाहेर यायला निदान दोन भोकं द्या, न दिसणाऱ्या बाजूला.

मटेरिअलचाही विचार मॉडेल करतानाच होऊ द्या, पीएलए हे नेहमीचं फिलामेंट ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, उन्हातल्या बंद गाडीत पातळ भाग वाकतात, त्यामुळे बाहेर शूट असेल तर जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी घ्या किंवा पातळ भाग जाड करा.

शेवटी स्लायसरमध्ये तुकडा असा फिरवा की दिसणाऱ्या बाजूला सपोर्ट (लोंबणाऱ्या भागाखालचा तात्पुरता आधार) लागणार नाही, साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त कललेल्या जागी तो लागतो आणि काढल्यावर खाली खरबरीत डाग राहतात. मग प्रिव्ह्यूमध्ये लेयर एकेक करून बघा, अध्येमध्ये तरंगणारा तुकडा किंवा गायब झालेली भिंत इथे लगेच दिसते. ०.४ एमएमच्या नोझलने (प्रिंटरचं प्लास्टिक सोडणारं तोंड) ०.४ पेक्षा पातळ काही नीट येत नाही, ते स्लायसर बऱ्याचदा गुपचूप वगळून टाकतो. आणि तुकडे जास्त असतील तर प्रत्येकाच्या आतल्या बाजूला नंबर कोरून ठेवा, डावा गाल आणि उजवा गाल प्रायमर मारल्यावर अगदी सारखे दिसतात.