आपला माणूस लॉकअपमध्ये असेल तर त्याच्या गोळ्या कोणी द्यायच्या, आणि घरच्यांनी काय करायचं

मी ग्रामीण रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर बसते, सोळा वर्षं झाली. पोलीस आरोपीला मेडिकलला, म्हणजे डॉक्टरी तपासणीला, आणतात ते आमच्याकडेच, आणि त्यांच्या मागोमाग घरचं कोणीतरी पिशवीत गोळ्या घेऊन खिडकीशी येतं, ताई एवढं त्याला पोचवा ना म्हणून. दरवेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आधी हे डोक्यात पक्कं करा. कुठली गोळी किती द्यायची हे डॉक्टरने ठरवायचं, आणि हातात द्यायची नर्सने नाहीतर कंपाउंडरने. पण पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये यातलं कोणीच नसतं, तिथे ड्युटीवरचा हवालदारच देणार, आणि त्याच्याकडे डॉक्टरचा कागद नसेल तर तो घाबरतो, कारण कस्टडीत काही झालं तर चौकशी त्याच्यावर येते, मग तो एकतर काहीच देत नाही नाहीतर अख्खी पिशवी आत सारतो. दोन्ही वाईट. अख्खी पाकिटं आत गेली की झोपेच्या गोळ्या एकदम खाल्ल्या जाऊ शकतात, दुसरा कोणी घेऊ शकतो. आणि शेजारच्या आरोपीच्या हातात देऊन तू दे रे त्याला वेळेवर, असं तर अजिबात नको, तो कितीही भला असला तरी.

एका पोराला फिट्सचा आजार होता. आई रात्रीच ठाण्यात गोळ्या देऊन आली, तोंडी सांगून आली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला आमच्याकडे झटके येत असतानाच आणलं, आधी म्हणे सगळ्यांना वाटलं नाटक करतोय. गोळ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तशाच होत्या. पोरगा वाचला पण त्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. तोंडी सांगणं टिकत नाही हो, ड्युटी बदलली की निरोप गेला.

म्हणून अटकेचा फोन आला की दवाखान्याची फाईल उचला आणि मेडिकल जिथे होणार तिथे पोचा. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरने तपासायचं असतं आणि रिपोर्टची कॉपी आरोपीला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची असते. कलम ५६ म्हणतं की ज्याच्या ताब्यात आरोपी आहे त्यानेच त्याच्या तब्येतीची काळजी घ्यायची. म्हणजे ठाण्यात कोणी म्हणालं की हे आमचं काम नाही, तर ते त्यांचंच काम आहे, शांतपणे कलम सांगा, भांडू नका. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाप्रमाणे कस्टडीत दर ४८ तासांनी तपासणी व्हायला पाहिजे, तेव्हा पहिल्या वेळी राहिलं असेल तर दुसऱ्या वेळी सांगा.

आत डॉक्टर विचारतात काही त्रास आहे का, आणि पोलीस शेजारी उभे असल्यामुळे माणूस नाही म्हणतो. इथेच सगळं फसतं. तुम्ही डॉक्टरला सांगा, फाईल दाखवा, आणि केस पेपरवर गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर हे लिहूनच घ्या. दारूची रोजची सवय असेल तर तेही लाज न बाळगता सांगा. दारू एकदम बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय कापतात, भास होतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, आणि लॉकअपमध्ये ते वेडेपणा समजलं जातं.

औषधं देताना स्ट्रिपमधलीच द्या, नाव आणि एक्सपायरी दिसेल अशी, सोबत बिल. डबीत सुट्ट्या केलेल्या गोळ्या कोणीही घेणार नाही आणि घेऊही नये. तीन-चार दिवसांपुरतीच द्या, आणि दिल्याची नोंद स्टेशन डायरीत करायची विनंती करा.

इन्सुलिनचं जरा वेगळं. न उघडलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला लागतं, चालू पेन साधारण महिनाभर बाहेर राहतो पण मे महिन्याच्या पत्र्याखाली नाही. सुई आरोपीकडे ठेवू देत नाहीत, ते बरोबरच आहे, म्हणून रोज टोचायला कोण येणार किंवा त्याला कुठे नेणार हे डॉक्टरकडून लिहून घ्या. आणि टोचल्यावर जेवण पाहिजे म्हणजे पाहिजे. जेवण उशिरा आलं तर शुगर पडून माणूस तिथेच कोसळेल. उलट लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्याचं एक-दोन दिवस जरी चुकलं तरी जिवावर बेततं.

२४ तासांत कोर्टात नेतात तेव्हा वकिलाला औषधांचा वेगळा अर्ज द्यायला सांगा, जामिनाच्या अर्जात एका ओळीत घुसवू नका. जजसाहेबांचा आदेश झाला की त्याची कॉपी ठाण्यात नाहीतर जेलला द्या. वकील नसेल तर १५१०० वर विधी सेवावाल्यांना फोन करा, फुकट आहे.

पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की माणूस जेलमध्ये जातो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिथे मेडिकल ऑफिसर असतात, तुमची पिशवी गेटवर बहुतेक घेत नाहीत, डॉक्टरने पाहून मान्य केलं तर ठीक, नाहीतर ते त्यांच्या स्टॉकमधून देतात. जुन्या तुरुंग कायद्यात, १८९४ च्या, कलम ३७ आहे, कैद्याने बरं नाही, डॉक्टरला भेटायचंय असं सांगितलं की ड्युटीवरच्याने लगेच जेलरला कळवायचंच. मुलाकातीत हे आपल्या माणसाला नीट समजावून सांगा. पोस्टाने काही पाठवू नका. डिसेंबर २०२० मध्ये तळोजा जेलमध्ये असलेले कार्यकर्ते गौतम नवलखा यांचा पोस्टाने आलेला चष्मासुद्धा घेतला नव्हता, हायकोर्टाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली.

जेलच्या डॉक्टरने औषध बदललं तर घाबरून जाऊ नका, कंपनी वेगळी असली तरी आतलं औषध तेच असू शकतं, नाव लिहून आणा आणि कुठल्याही केमिस्टला विचारा. खरंच वाद असेल तर कोर्टाकडून मेडिकल बोर्ड मागता येतो, एप्रिल २०२४ मध्ये तिहारमध्ये केजरीवालांच्या इन्सुलिनचं प्रकरण झालं तेव्हा कोर्टाने एम्सच्या डॉक्टरांचा बोर्ड नेमायला सांगितलं होतं. ते मोठे म्हणून गाजलं, पण असा अर्ज कोणीही करू शकतो.

टीबीचं औषध किंवा एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, चालू असेल तर तुमच्या सेंटरला लगेच कळवा, ही औषधं सरकारी आणि फुकट आहेत, सेंटर जेलशी बोलून पुढे चालू ठेवू शकतं. टीबीच्या गोळ्या मध्येच तुटल्या तर नंतर त्याच गोळ्या लागू पडेनाशा होऊ शकतात.

आणि सुटकेच्या दिवशी गेटवर आनंदात निघून येऊ नका, आतल्या डॉक्टरचा कागद आणि उरलेल्या गोळ्या मागून घ्या, रात्री उशिरा सोडलं तर त्या रात्रीचा डोस तुमच्याकडे तयार ठेवा.