आधी पॅडल काढा

"ताई, मला सायकलीत काम करायचंय. सुरुवात कुठून करू?" मी सायकली बनवते, दुरुस्त करते आणि चालवायला शिकवते, म्हणून हे विचारणारी मुलं-मुली आता बरीच भेटतात. कोणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतं, कोणी आयटीआय करून घरी बसलेलं असतं, तर एखादी आयटीतली नोकरी सोडून आलेली असते. सगळ्यांना मी एकच काम सांगते. आठवडाभर पहाटे साडेपाचला आपल्या नाक्यावर उभे राहा. वही-पेन सोबत ठेवा आणि किती सायकली गेल्या, त्यावर काय लादलेलं होतं, कोण चालवत होतं ते लिहा.

मी विक्रोळीच्या कन्नमवारनगरात वाढले. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, काही वर्षं साकीनाक्याच्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात ड्रॉइंगं काढली आणि त्याच गाळ्यात माझी पहिली सायकल जोडली. मुंबईत सायकल कोणी चालवत नाही, असं मलाही वाटायचं, कारण मी उठेपर्यंत ती चालवून झालेली असायची. बेकरीतून पावाची टोपली घेऊन निघालेले चाचा, पेपरवाली मुलं, दूधवाले, कॅरिअरवर इडलीचं पातेलं बांधून पोंगा वाजवत फिरणारे अण्णा. पुढे दहाच्या सुमाराला स्टेशनाबाहेर डबेवाल्यांच्या सायकली. डबे पोचवण्याचं हे काम 1890 च्या सुमारास सुरू झालं आणि आजही लोकल आणि सायकल या दोन पायांवर उभं आहे. दुपारी धारवाला येतो. तो सायकल स्टँडवर लावतो, पट्टा चढवतो आणि पॅडल मारून दगडी चाक फिरवतो. त्याची गाडी हेच त्याचं मशीन. मुंबईतली कल्पक सायकल कशी असते हे बघायचं असेल तर आधी धारवाल्याची बघा, परदेशी मासिकं नंतर चाळा.

दुसरी पायरी सायकल दुकानाची. सहा महिने तरी एखाद्या जुन्या दुकानात, पडेल ते काम करत बसा. मी आमच्या नाक्यावरच्या काकांकडे बसायचे. पहिले दोन महिने पंक्चर, मग छर्रे धुऊन ग्रीस भरणं, मग चाकाचा आऊट काढणं, म्हणजे डोलणारी रिंग तारा आवळून सरळ करणं. आऊट काढताना एक तार आवळली की समोरची सैल करावी लागते, आणि घाई केली की रिंग आणखी वाकडी होते. काका बोलायचे कमी. चाक फिरवून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "कान लाव." तारा बोटाने छेडल्या की एकसारखा आवाज आला पाहिजे. जी वेगळी वाजते ती सैल. डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला ताण म्हणजे काय ते कळलं नव्हतं, तिथे कानाने कळलं.

आता शिकवण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण नवखे लोक हाच टप्पा वगळून थेट डिझाइनकडे धावतात.

रविवारी सकाळी आम्ही मैदानात मोठ्या बायकांना सायकल शिकवतो. पस्तिशीच्या, पन्नाशीच्याही येतात. पूर्वी मी सगळ्यांसारखीच शिकवायचे. कॅरिअर धरून मागे पळायचं, "पॅडल मार, पुढे बघ" असं ओरडायचं आणि मध्येच हात सोडायचा. त्यात बाई पडायची आणि पुढच्या रविवारी यायची नाही. आमच्या शेजारच्या वहिनी दोनदा पडल्या आणि तिसऱ्यांदा मला म्हणाल्या, "तू सोडणार हे मला माहीत असतं ना, म्हणून माझं सगळं लक्ष मागेच असतं." त्या दिवसापासून मी पद्धत बदलली.

आधी दोन्ही पॅडल काढायची. पंधरा नंबरचा पान्हा लागतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे विसरलात तर क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्या दांड्याला बसतं त्याचे, आटे खराब होतील. सोपी खूण अशी की पान्हा वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाकडे ढकलला की दोन्हीकडचं पॅडल सुटतं. मग सीट इतकी खाली घ्यायची की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. आता चालायचं. मग ढांगा टाकायच्या. मग थोड्या उतारावर पाय उचलून धरायचे. एक-दोन तासांत बहुतेकींचा तोल येतो. पॅडल लावणं हे नंतरचं किरकोळ काम.

यात नवं काही नाही. 1817 साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल ड्रेस यांनी जी दोन चाकांची गाडी रस्त्यावर आणली, तिला पॅडल नव्हतीच. पायाने जमीन ढकलत जायचं. पॅडल 1860 च्या दशकात आली, तीही पुढच्या चाकाला. आपण ओळखतो तशी, दोन्ही चाकं साधारण सारखी आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी बनवली. माणसांनी ज्या क्रमाने सायकल शोधली त्याच क्रमाने ती शिकवली की सोपी जाते.

आणि तोल म्हणजे काय, हे शिकवताना माझंही कोडं सुटलं. फिरत्या चाकामुळे सायकल उभी राहते, असं मी परीक्षेत लिहिलं होतं. 2011 साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी चाकांच्या फिरण्याचा तो परिणाम पुसून टाकणारी सायकल बनवली. पुढचं चाक हँडलच्या अक्षामागे फरपटत येण्याचा परिणामही त्यांनी काढून टाकला, तरी ती स्वतःचा तोल सावरत पुढे गेली. मुख्य गोष्ट ही की सायकल ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला हँडल वळलं पाहिजे. नवशिकी बाई घाबरून नेमकं उलट करते. म्हणून मी आता एकच वाक्य सांगते, "जिकडे पडाल असं वाटेल तिकडेच हँडल वळवा." वहिनी हे ऐकून जशा सरळ गेल्या, तसा आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

शिकवण्याने काय होऊ शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेसोबत बायकांना सायकल शिकवली गेली. तिथल्या जिल्हाधिकारी शीलाराणी चुंकत यांनी तो आग्रह धरला. हजारो ग्रामीण बायका सायकलवर आल्या. लेडीज सायकली पुरल्या नाहीत तेव्हा अनेकींनी जेन्ट्स सायकल घेतली, आणि पुढे ती आवडू लागली, कारण तिच्या दांडीवर मूल बसवता येतं! ही माहिती मी प्रत्येक डिझाइनच्या विद्यार्थ्याला सांगते. बायकांसाठी दांडी नको, हे आपण कागदावर ठरवतो. चालवणारीला काय हवंय ते तिच्याकडूनच कळतं.

यातूनच मी इडलीवाल्या अण्णांच्या सायकलकडे आले.

अण्णांची तक्रार दोन गोष्टींची होती. पातेलं उंचावर असल्यामुळे वळणावर सायकल झोकांड्या खायची, आणि सिग्नलला थांबून पुन्हा निघताना गुडघ्यात कळ यायची. मी उत्साहात डेन्मार्कच्या धर्तीवर लांब सायकल बनवली. हँडल आणि पुढच्या चाकाच्या मधोमध खाली पेटी, हँडलपासून पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यापर्यंत एक दांडा. वजन खाली गेलं, वळणं सुरेख झाली. अण्णांनी ती एकदा चालवली आणि परत आणून दिली. अडीच मीटर लांबीची सायकल त्यांच्या गल्लीत वळत नव्हती. शिवाय पुढचं चाक इतकं दूर गेलं होतं की खड्डा नेमका कुठे लागेल ते त्यांना दिसत नव्हतं. महिनाभराची वेल्डिंग वाया गेली. मी त्यांची सायकल मापली होती, पण गल्ली मापली नव्हती.

दुसऱ्या खेपेला फक्त मागचं चाक बदललं. त्यांची साधी काळी सायकल, 28 इंची चाकं, पॅडलजवळच्या चेनच्या चक्रीला 44 दाते, मागच्या चाकाच्या चक्रीला 18. अशा सायकलीला पॅडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर अंतर जातं. रिकाम्या सायकलीला हे ठीक, लादलेल्या सायकलीला निघताना फार जड. मागे 20 इंची जाड टायरचं चाक बसवलं की तेच अंतर 3.8 मीटरवर येतं, म्हणजे गिअर न बसवताही पॅडल हलकं होतं. टायरचा माथा जवळपास 20 सेंटिमीटर खाली येतो, म्हणून कॅरिअरही तेवढं खाली घेता येतं. लहान चाक ओझ्याखाली मजबूतही असतं. दोन्ही तक्रारी एका बदलात मिटल्या. त्यासाठी फ्रेमचा मागचा त्रिकोण मात्र नव्याने करावा लागला, नाहीतर पॅडल रस्त्याला घासली असती. पुढचं चाक मोठंच ठेवलं, कारण खड्डा आधी त्याला भेटतो. पावसात ओल्या लोखंडी रिंगेवर रॉड ब्रेक नीट धरत नाही, म्हणून मागे डिस्क ब्रेक.

वेग कमी झाला, हे खरं आहे. अण्णांना वेग नकोच होता, दर दहा दारांनी थांबायचं असतं.

मुंबईपुरती एक सूचना. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पाइपला बाहेरूनच नाही, आतूनही खातो. प्रत्येक पाइपला खालच्या टोकाला पाणी निघायला छोटं भोक ठेवा आणि वेल्डिंगनंतर आतून तेल सोडा. मी पहिल्या फ्रेमला हे केलं नाही आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती पॅडलच्या वरच तडकली.

आता रस्त्यासाठी भांडण्याचं काम. सी लिंकवर सायकल नाही, कोस्टल रोडवर नाही, अटल सेतूवर नाही. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, 2011 च्या सुमारास सायकल ट्रॅक झाला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. हे बघून संताप येतो आणि नवी मुलं थेट मोठ्या ट्रॅकची मागणी करायला निघतात. माझा सल्ला आहे की पहिली मागणी छोटी असू द्या. आमच्याकडे एका उतारावर पावसाळी गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच होत्या. सायकलचं चाक सरळ आत जायचं. एक पेपरवाला मुलगा तिथे दात पाडून घेऊन आला. मागणी एवढीच होती की जाळी काटकोनात फिरवून बसवा. तीन अर्ज दिले आणि फोटो लावले, पण "तिथून सायकली जातच नाहीत" असं तोंडी उत्तर मिळालं. तेव्हा सुरुवातीला सांगितलेली ती वही कामी आली. सात पहाटेंच्या नोंदी, वेळेसकट, अर्जाला जोडल्या. सोबत माहिती अधिकारात जाळीच्या कामाची कागदपत्रं मागितली. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर यायच्या आधीच जाळी फिरवून बसवली गेली. सायकल मार्ग कसा असावा याचं भारतीय रस्ते काँग्रेसचं आयआरसी 11 हे मानक आहे, 2015 साली ते सुधारलं गेलं. ते वाचून ठेवा, बैठकीत नुसत्या भावनेवर बोलू नका.

आणि सायकलच्या नावाने जे जे येईल त्याला टाळ्या वाजवू नका. पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला आणि काठ पूर्ववत करायला सांगितलं. याचिका आयआयटीतल्या संशोधक विद्यार्थ्यांचीही होती. तेव्हा आमच्या गटात दोन तट पडले. मी तलावाच्या बाजूने होते आणि आजही आहे. मगरींचा काठ बुजवून केलेला रविवारचा ट्रॅक पाववाल्या चाचांच्या काहीच कामाचा नव्हता.

शिक्षणाचं थोडक्यात. हाताने काम करायचं असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड, एक वर्षाचा. डिझाइन शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटीतलं आयडीसी, जे 1969 पासून आहे. बारावीनंतर यूसीड, पदवीनंतर सीड या परीक्षा. ते जमलं नाही म्हणून थांबू नका, मीही तिथे शिकलेली नाही. पैशाचं खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं सायकलीवर घर चालणार नाही. माझं घर रेलिंग आणि ग्रिलच्या ऑर्डरींवर चाललं. आता दुरुस्ती, शिकवणी आणि ओझ्याच्या सायकलींच्या ऑर्डरी मिळून भागतं. शिकवणीचे पैसे घ्या, थोडे का असेनात. फुकट शिकणाऱ्या बायका मध्येच सोडतात आणि पैसे भरणाऱ्या येतात, असा माझा अनुभव आहे.

वहिनी आता भांडुपपर्यंत पोळ्यांचे डबे पोचवतात. मागच्या आठवड्यात त्या गाळ्यावर आल्या, सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "स्टँड एकाच बाजूला आहे, डबे भरले की आडवी होते. आणि दोन बाजूंचा लावलास तर तो चढवायला मला जोर पुरत नाही." दोन्ही म्हणणी बरोबर आहेत. फळ्यावर तीन चित्रं काढून ठेवली आहेत, एकही अजून पटलेलं नाही. येत्या रविवारी त्या ओझ्यासकट येणार आहेत, तेव्हा आधी त्या सायकल कुठल्या हाताने उचलतात ते बघायचंय.